शेळगावला सांगितलेलं रीळ

साहेबाच्या भुताचे पाय उलटे का न्हायीत, असं बारामतीच्या पहिल्याच खेळाला एका गड्यानं मोठ्यांदा इचारलं आन् माझं डोकं फिरलं. पडद्यावर काळा झगा घातलेला पाव्हणा जिना उतरत व्हता, बायका पदर तोंडात धरून बसल्या व्हत्या, मी भोंग्यातनं आवाज बारीक करत करत आणला व्हता, आन् ह्याला पायांची पडलेली. मी म्हणलं, "बुटं घातल्यात त्यानं. तुझ्यासारखा अनवाणी हिंडत न्हाय त्यो." सगळा तंबू हसला. हसलेली माणसं परत मुठीत घ्यायला येळ लागत न्हाय, हे मी तमाशात शिकले.

मी साखरबाई. गुडघे जाईस्तवर तमाशात नाचले, गुडघे गेल्यावर कुंडलिक अप्पानं मला त्याच्या टूरिंग टॉकीजवर ठेवून घेतली. अप्पाला जुने इंग्रजी सिनेमे सस्तात मिळायचे. भिगवणच्या ठेसनावर पत्र्याच्या पेट्या उतरायच्या, त्यात रिळं. पण इंग्रजी कळतंय कुणाला? मंग मी पडद्यामागं बसायची आन् भोंगा तोंडाला लावून सगळी गोष्ट आपल्या भाषेत सांगायची. राजाचा आवाज मी, राणीचा मी, कुत्र्याचा सुदिक मीच. पडद्यामागनं चित्र उलटं दिसतं, डावा हात उजवीकडं. लोकांना मी कधी दिसायची न्हाय, निस्ता आवाज जायचा.

आता मला तरी इंग्रजी कुठं येतंय. मला गोष्ट सांगायचा माझा लेक, सिद्धू. मॅट्रिक झालेला, हिवतापाच्या खात्यात लागलेला, खाकी चड्डी आन् खांद्याला लाकडी पेटी. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आन् उसाच्या मागनं डास आला, ताप आला. गावोगाव जायचं, तापलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची, रगताचा एक थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा आन् ती काच तपासायला पाठवायची, असलं त्याचं काम. नवा सिनेमा आला की त्यो सायकल हाणत यायचा, माझ्याशेजारी पडद्यामागं बसायचा आन् एकेक बोलणं माझ्या कानात सांगायचा. मला ते लई आवडायचं. तेवढाच त्यो माझा असायचा.

ह्या सिनेमाला तर त्यो येडाच झाला.

"आये, रगत पिणाऱ्या भुताच्या सिनेमाची एक ठरलेली वाट असती," त्यो म्हणाला. "बर्फाचा मुलूख. थोरल्या घरातली पोरगी दिसामासानं पांढरी पडत चाललेली. तेवढ्यात एक परका माणूस येतो. दिवस मावळल्यावरच येतो. कुणी 'या' म्हणल्याबिगर उंबरा वलांडत न्हाय, ताट वाढलं तरी जेवत न्हाय, आन् त्याच्याजवळ एक पेटी असती, ती कुणाला उघडू देत न्हाय. मंग एक पांढऱ्या दाढीचा जाणता बाबा पोथी उघडून सांगतो, ह्योच त्यो. लोक जमतात, परक्याच्या छातीत मेख ठोकतात, पोरगी बरी हुती, लगीन लागतं. संपलं."

"म्हंजी आपल्या वगासारखंच की," मी म्हणलं. "मिशी पिळत आला की कळतं, ह्यो मार खाणार."

"व्हय. आन् ह्यो सिनेमा पण मेख ठोकूस्तवर त्याच वाटंनं जातो. अगदी तसाच. मंग शेवटच्या रिळात पलटी मारतो."

शेवटच्या रिळात मेलेल्या पाव्हण्याची पेटी उघडतात, तर आत औषधाच्या बाटल्या आन् रबराच्या नळ्या. त्यो निघतो डाक्तर. पोरीच्या उशाला बसून स्वताच्या हातातलं रगत तिला देत व्हता, म्हणून त्योच भुतागत पांढरा पडलेला, म्हणून त्याला अन्न जात न्हवतं. आन् त्यो मेल्यावर पोरगी काय बरी हुईना. मंग दार उघडतं. पांढऱ्या दाढीचा बाबा आत येतो आन् पोरीच्या गळ्यावर वाकतो. मान वर करतो तवा दाढी लाल. समोर आरसा, आन् आरशात कुणीच न्हाय. त्यो आपल्याकडं बघून हसतो आन् पडदा काळा हुतो. त्याला कुणी मारत न्हाय, लगीन न्हाय, काय न्हाय. तितंच संपतं.

मी म्हणलं, ह्यो सिनेमा काढणारा माणूस लई बेरकी हाय. अख्ख्या तंबूकडनं खून करून घेतो, टाळ्या वाजवून घेतो, आन् मंग सांगतो, बघा, खुनी तुमीच. सिद्धू तर खूश व्हता निस्ता. म्हणाला, "असला शेवट कुणी केला नसंल आये."

पण लोकांना ते पटलं न्हाय. बारामतीच्या आधीच्या मुक्कामाला लोकांनी पडदा टराटरा फाडला आन् अप्पाच्या डोक्यात बांबू घातला. आमाला टाळ्या वाजवायला लावून वर आमच्यावरच आळ घेतो व्हय रं, असं म्हणून घातला. मंग अप्पानं काय करावं? कात्री घेतली. शेवटचं रीळ कापून काढलं आन् मेखंच्या म्होरं दुसऱ्याच कुठल्या देवाधर्माच्या सिनेमातलं 'समाप्त' जोडलं. त्यामुळं बारामतीला काय दिसायचं, का घण पडला, रगताची चिळकांडी उडाली, आन् लगोलग झेंडूच्या हारात 'समाप्त'. लोक उभं राहून शिट्ट्या मारायचे.

मी लई भांडले. "अप्पा, बिनगुन्ह्याचा माणूस मेलाय आन् तुमी हार घालताय."

अप्पा पट्टी बांधलेलं डोकं धरून म्हणाला, "साखरबाई, मेख बसली की लोकांचं पोट भरतं. त्याच्याम्होरं वाढू नका."

भूत आत येऊ नये म्हणून पडद्यावर दाराला टांगलेल्या लसणीच्या माळंला लोक हसले. लसणीचा ठेचा तर आमची भुतं पण खातील, असं एक म्हातारी म्हणाली. पण मेख कुणाला समजावून सांगावी लागली न्हाय. आपल्याकडं देवऋषी झपाटलेल्या माणसाचे केस झाडाला खिळ्यानं ठोकतो, का भूत तितंच अडकून ऱ्हावं. त्यामुळं ठोकणं म्हणलं की लोकांना आपलंच वाटलं.

त्या लोकांत बाजाराला आलेली शेळगावची माणसं व्हती, गाड्या भरून. आन् शेळगाव सिद्धूच्या वाटणीचं गाव.

शेळगावला त्यो दिवस मावळताना जायचा, कारण दिवसभर माणसं उसात. दारात उभा राहून "आत येऊ का?" असं इचारायचा, कारण न इचारता कुणाच्या घरात शिरू नका असा खात्याचा हुकूम. कुणी भाकरी वाढली तर नगं म्हणायचा, कारण जेवायला बसलं की लोक जात इचारतात. आन् पेटीला पोरांना हात लावू द्यायचा न्हाय, आत काचा व्हत्या म्हणून. घ्या. एकेक गोष्ट त्या पाव्हण्याशी जुळत गेली. त्यात छबूबाईच्या नातवाला ताप आला. सिद्धूनं त्याच्या बोटातनं थेंब घेतला, गोळ्या दिल्या. छबूबाईनं गोळ्या उकिरड्यात टाकल्या आन् झुंबर देवऋषीचा अंगारा लावला. पोर गेलं. तवा झुंबर म्हणाला, ह्योच त्यो. सांजंला आलेला सिद्धू गावानं रातभर कोंडून ठेवला.

हे सगळं मला मागनं कळलं. त्या दिवशी मला काय ठाऊक न्हवतं.

त्या दिवशी आमी तंबू गुंडाळून इंदापूरला निघालेलो. लॉरीत बांबू, कनात, इंजिन, पेट्या, आन् पुढं डायवरच्या शेजारी अप्पा आन् मी. चांगलं झक्क ऊन पडलेलं. शेळगावच्या शिवारात गाडीत पाणी घालायला थांबलो तर गुऱ्हाळाच्या अंगानं माणसांचा आवाज आला. माणसं भांडत असली तर आवाज येगळा असतो आन् मारत असली तर येगळा. मारताना शिव्या कमी असत्यात. मी अप्पाला म्हणलं, गाडी तिकडं घ्या.

गुऱ्हाळाम्होरं सगळं गाव, आन् मदी माझा सिद्धू. जळणाच्या ओंडक्यावर उताणा पाडलेला, हात दाव्यानं बांधलेले. एक डोळा सुजून बंद झालेला, दुसऱ्यात रगत. पेटी फोडलेली, काचांचा चुरा झालेला, आन् त्या चुऱ्यावरनं त्याला फरफटत आणलेला. पाठीचा सदरा आन् कातडं एक झालेलं. पाटलाचा मानसिंग गुरं बांधायची मेख घिऊन उभा व्हता, शेजारच्या गड्याकडं घण. छबूबाई नातवाचं अंगडं उराशी धरून "ठोका, ठोका" म्हणत व्हती, रडत न्हवती. आन् मेख नेमकी कुठं ठेवायची ते बोटानं दावत व्हता झुंबर, पांढरी दाढी छातीवर रुळत असलेला.

उभ्या जागी माझं लुगडं भिजलं. लाज कसली, एकुलतं एक पोर माझं.

ह्यो माझा लेक हाय, सोडा त्याला, असं अगदी ओठापातूर आलेलं. ते गिळलं. तमाशातल्या बाईचा लेक म्हणल्यावर त्यांनी अजून जोरात हाणला असता. मी लॉरीच्या टपावर चढले. कशी चढले ते माझ्या गुडघ्यांना इचारा. भोंगा तोंडाला लावला.

"शेळगावकर मायबाप, खेळ अजून संपला न्हाय."

घण वर गेलेला तसाच राहिला. मला कुणी बघितलेलं न्हवतं, पण आवाज सगळ्यांनी वळखला.

"बारामतीला तुमाला शेवटचं रीळ दावलंच न्हाय. अप्पानं कापलं. खोटं वाटत असंल तर इचारा त्यास्नी." अप्पा शिटाखाली शिरायला बघत व्हता. "तुमी अर्धा खेळ बघून आलाय. म्होरचा ऐका आन् मंग काय ठोकायचं ते ठोका."

आन् माणसं ऐकायला लागली. काही तर खाली बसली. बांधलेला माणूस समोर रगत गाळतोय, आन् ही बसली मांडी घालून. मला त्यांचा इतका संताप आला की भोंगाच फेकून मारावा वाटला. पण मी सांगितलं. पाव्हण्याची पेटी उघडली, बाटल्या काढल्या, पाव्हणा स्वताचं रगत देत व्हता ते सांगितलं. पोरीचं कण्हणं केलं. दार करकरलं ते केलं. मंग पांढरी दाढी आत आली. झुंबरचं नाव मी घेतलं न्हाय, पांढऱ्या दाढीवर निस्ता जरा जोर दिला. "वाकला, मायबाप. गळ्यावर वाकला. आन् मान वर केली तवा दाढी लाल."

मंग बायकांतनं प्रयागबाई उठली, वाळकी, मोठ्या कुंकवाची. म्हणाली, "माझ्या सुनेच्या पाठीला ह्या झुंबरनं तुंबडी लावली व्हती. नासकं रगत काढतो म्हणाला. शिंगाच्या टोकाला तोंड लावून ओढत व्हता. मी बघितलंय ह्याचं तोंड. लाल व्हतं. सून त्याच हप्त्यात गेली माझी."

झुंबर म्हणाला, "अगं, तुंबडी ती. तोंडानंच ओढत्यात." एवढंच बोलला बिचारा.

सिद्धूला त्यांनी ओंडक्यावरनं ढकलून दिला आन् त्याच ओंडक्यावर झुंबरला पाडला. कुणी दाढी धरून वढली, ती कातड्यासकट हातात आली. एकानं त्याच्याच झोळीतलं तुंबडीचं शिंग काढलं आन् त्याच्या तोंडावर हाणलं. एकदा न्हाय, दात घशात जाईस्तवर. मानसिंगनं मेख ठेवली. घण आला, पण म्हातारा तडफडत व्हता म्हणून मेख सरकली आन् खांद्याचं हाड मोडलं. त्यो आवाज मला टपावर ऐकू आला.

मी वरडले, "पडद्यावर त्याला कुणी मारत न्हाय. ऐका माझं, कुणी मारत न्हाय त्याला." कोण ऐकतंय. अप्पा म्हणाला व्हता तेच खरं, मेख बसल्याबिगर त्यांचं पोट भरत न्हवतं. कुणाच्या छातीत बसती ह्याचं त्यांना काय पडलेलं न्हवतं.

आता खरं बोलते. झुंबर मेला असता तर मला काय सुतक न्हवतं. माझ्या पोराच्या छातीवर बोट ठेवलेलं त्यानं. मी डायवरला म्हणणार व्हते, पोराला उचल आन् गाडी काढ. तेवढ्यात सिद्धू गुडघ्यांवर रांगत परत त्या ओंडक्याकडं गेला आन् झुंबरच्या अंगावर पडला. बांधल्या हातांनी म्हाताऱ्याला झाकून पडला. येडं कुठलं. मानसिंग म्हणाला, "सरक डाक्तर, न्हायतर दोघांतनं जाईल." सिद्धू काय सरकला न्हाय. मला ठाऊक व्हतं, सरकणार न्हाय. लहानपणापासनं तसलाच हाय त्यो.

"अजून एक रीळ हाय," मी म्हणलं.

असलं कुठलं रीळ न्हवतंच. पण माणसं थांबली. रीळ म्हणलं की थांबायची त्यांना सवय लागली व्हती. आन् मी सांगायला लागले. म्होरं काय हाय ते माझं मला कळत न्हवतं, तोंड आपलं चालत व्हतं.

"दाढीवाला बाबा तरी स्वताच्या मनानं पीत व्हता व्हय? त्याला कोण सांगत व्हतं, जा, पी? पोरीला कोण सांगत व्हतं, गळा म्होरं कर? एक आवाज व्हता, मायबाप. अंधारात बसलेला. दिसायचा न्हाय, निस्ता ऐकू यायचा. तुमी ऐकलाय त्यो. तंबूत बसलात, त्यो तुमच्या कानात शिरला, तुमी गाड्या जुंपून घरी आलात, आन् तवापासनं तुमची पोरं तापली. खरं का खोटं?"

तंबू कालव्याच्या काठाला व्हता, डासांनी सगळ्यांना फोडून काढलेलं. त्या तंबूनंच ताप वाटला म्हणून सिद्धू अप्पाशी दोनदा भांडलेला. ते त्यांना कुठं ठाऊक.

छबूबाई म्हणाली, "खरं हाय. नातू मांडीवर व्हता माझ्या तंबूत."

मी भोंगा खाली केला. तोंड उघडून जीभ बाहेर काढली. सकाळपासनं पान चघळत व्हते, सगळं लालभडक. "मी ती," म्हणलं. आन् त्यांच्या अंगावर थुंकले.

सिद्धूनं मान वर केली. 'आये' हे त्याच्या ओठावर आलेलं मी बघितलं. फडावर नाचताना ढोलकीवाल्याला गप करायचं असलं की आमी एक डोळा देतो. त्यो मी त्याला दिला. लेकरू गप झालं. मंग मी टपावरनं पलीकडं उडी टाकली आन् त्या दोघांपासनं लांब, उसाच्या बाजूला पळाले. सगळं गाव माझ्यामागं आलं. मला तेच पायजे व्हतं.

कितीशी पळणार. बांधावर धरली. पहिला दगड कानशिलात बसला, म्होरचे कुणी मोजलेत. आसूड, काठ्या, बायकांच्या लाथा. बायका जास्त जोरात मारतात. जबडा निसटला तवा कळलं की आता बोलता यायचं न्हाय, म्हंजी आता जे सांगितलं ते सांगितलं. मानसिंग आला, माझ्या छातीवर गुडघा देऊन मेख टेकवली. लुगड्यातनं त्या लाकडाचं टोक कसं टोचलं ते मला अजून आठवतं.

तवा छबूबाई म्हणाली, "मानसिंगराव, ती साहेबाची रीत. बाईमाणसाला मारू नका, मेली की मोकळी सुटंल आन् घराघरात शिरंल. झाडाला ठोका."

ह्याचीच वाट बघत व्हते मी. भोंगा हातात असताना एवढाच एक जुगार खेळलेला, का माझी येळ येईस्तवर ह्यांना साहेबाची रीत सुटंल आन् आपली आठवंल. बांधावर बाभळ व्हती. माझे केस मेखंला गुंडाळले आन् घणाचे घाव घालून मेख खोडात ठोकली. डोक्याचं कातडं सुटलं. मंग सगळे मागं न बघता गेले, कारण ठोकलेल्या भुताकडं वळून बघत न्हायीत. त्यांच्या हाताला माझं रगत व्हतं, आन् चालताना त्यांचं बोलणं कानावर आलं, ऊसतोडीचं चाललेलं.

ऊन कलल्यावर अप्पा आला. रिळं कापायच्या कात्रीनं माझे केस मुळापासनं कापले. त्यो हुंदके देत व्हता आन् मला शिवी द्यायची व्हती, पण जबडा लोंबत व्हता.

झुंबर जगला, एका हातानं लुळा. सिद्धूच्या फासळ्या जुळल्या, डोळा वाचला. आन् नवी पेटी घिऊन त्यो परत शेळगावला गेला. मी नगं नगं म्हणत व्हते, म्हंजी हातांनी, तरी गेला. आता त्याला उंबऱ्यात थांबावं लागत न्हाय. लोक स्वताहून बोट म्होरं करतात, दिलेल्या गोळ्या गिळतात, भिंतीला औषध मारू देतात. ह्योच त्यो चांगला डाक्तर, असं म्हणतात. औंदा शेळगावात तापानं एक पोर गेलं न्हाय. पण त्यांनी त्याला इचारलेलं, ती हडळ तुझी कोण लागत व्हती का, तुझ्याकडं लई बघत व्हती. त्यो न्हाय म्हणाला. माझ्याकडं यायचं त्यानं बंद केलं. मीच सांगितलेलं. एकदा जरी कुणी आमाला शेजारी बघितलं असतं तर पेटीसकट जाळला असता त्याला.

माझं बोलणं आता निम्मं कळत न्हाय, म्हणून भोंगा सुटला. अप्पा मला पेट्या आणायला भिगवणला धाडतो. परवा ठेसनावर उभी व्हते, दुपारची गाडी यायची व्हती. बघते तर शेळगावची माणसं. छबूबाई, मानसिंग, अजून दोघंचौघं, आन् सिद्धू. त्याच्या खांद्यावर एक तापलेलं पोर, पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं असंल. वाळलाय जरा. मिशी ठेवलीय. मी पदर वढून घेतला, पण ह्या वाकड्या जबड्याचं काय करू.

छबूबाईनं वळखलं. मागं सरली आन् म्हणाली, "डाक्तर, ही तीच की. झाडावरनं सुटली." मानसिंगनं रुळातली खडी उचलली, बाकीच्यांनी उचलली, आन् सगळे सिद्धूकडं बघायला लागले. त्यानं काय करायचं ते ठरवायचं व्हतं. त्याच्या हनवटीला कापरं भरलं. पाळण्यात रडायच्या आधी भरायचं तसंच. म्हणलं, आता ह्यो 'आये' म्हणणार आन् आमी तिघं मरणार, दवाखान्याबिगर ते पोर पण. मी त्याला फडावरचा डोळा दिला. तरी त्यो हलंना. मंग मी दोन पावलं म्होरं गेले आन् त्याच्या तोंडावर थुंकले.

त्यानं पोर छबूबाईच्या हातात दिलं. वाकला, चांगला मोठा दगड बघून उचलला आन् माझ्या डोळ्यात डोळे घालून मारला. हात आखडता घेतला न्हाय. घेतला असता तर मानसिंगला दिसलं असतं. इथं भुवईवर बसला, अजून भरलं न्हाय. बाकीच्यांचे दगड मंग सुटले, पण त्यांत काय दम न्हवता, त्यांचं पोट पहिल्यातच भरलेलं.

मी मालधक्क्यामागं जाऊन बसले आन् लई रडले, दुखत व्हतं म्हणून न्हाय. गाडी आली, ती माणसं चढली. गाडी सुटताना सिद्धूनं खिडकीतनं एकदा सुदिक वळून बघितलं न्हाय. शहाणं हाय माझं पोर.